आंबगुळाच्या मुळाशी

घाटमाथ्यावरच्या एका आठवडी बाजारात, फेब्रुवारीच्या शेवटी, करवंदं यायच्या बऱ्याच आधी, एका मावशींच्या टोपलीत मी पहिल्यांदा आंबगुळं पाहिली. कुणी त्यांना आमगुळंही म्हणतं. बोराहून लांबट, गुलाबी-तांबडी फळं आणि प्रत्येकाच्या अंगभर रुपेरी ठिपके, जणू वरून अभ्रकाची पूड भुरभुरली आहे. "दाबून बघा, मऊ लागलं तरच खा. टणक असलं तर जीभ आखडंल," मावशी म्हणाल्या. मऊ फळ आंबटगोड निघालं. टणक फळानं खरोखर जीभ आखडली, टाळूपर्यंत तुरट.

टोपलीवर झाकायला त्याच झुडपाच्या डहाळ्या ठेवल्या होत्या. त्यातलं एक पान उलटं केलं आणि फळाकडचं लक्ष पानाकडे गेलं. वरून गडद हिरवं, चकचकीत. खालून चांदीचा वर्ख लावल्यासारखं, आणि त्या चांदीत तपकिरी कण पेरलेले. नखानं खरवडलं की भुकटी निघते. डहाळी घरी आणून दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली धरली तेव्हा कळलं की ही भुकटी म्हणजे छत्र्या आहेत. मधोमध आखूड दांडी, तिच्या टोकावरून चहूबाजूंना पसरलेल्या काड्या, काड्यांना जोडणारं पातळ कापड आणि कातरल्यासारखी कड. अशा हजारो छत्र्या एकमेकींवर कौलांसारख्या चढून बसलेल्या. काही पारदर्शक, त्या चांदीसारख्या दिसतात. काही तपकिरी, तेच ते कण. पानाखाली त्या, कोवळ्या फांदीवर त्या, कळीवर, फुलाच्या बाहेरच्या अंगावर आणि फळावरही त्याच. जास्तीचं ऊन परतवणं आणि पानातलं पाणी सहज उडून न जाऊ देणं ही त्यांची मुख्य कामं.

या खवल्यांवरून एक अख्खं कुळ ओळखता येतं. त्याचं नाव एलिअ‍ॅग्नेसी. वनस्पतींच्या हिशोबात हे फार लहान कुटुंब आहे. फक्त तीन वंश, सगळे मिळून शंभराच्या आसपास जाती, बहुतेक झुडपं, काही झाडांवर रेलून चढणारी, थोडी लहान झाडं. आपलं आंबगूळ यातल्या एलिअ‍ॅग्नस वंशातलं. हाच वंश सर्वांत मोठा. नव्वदच्या आसपास जाती याच्याच, आणि त्यातल्या बहुतेक चीन-जपानच्या बाजूला. दुसरा वंश हिप्पोफे, म्हणजे लडाखला जाऊन आलेल्या अनेकांनी ज्याचा केशरी रस प्यायला आहे ते सीबकथॉर्न. तिसरा शेफर्डिया, ज्याच्या तीनच जाती आहेत आणि तिन्ही उत्तर अमेरिकेत.

एवढ्याशा कुळाबद्दल इतकं लिहावंसं वाटतं ते त्याच्या मुळांमुळे. हवेतला नत्र पकडून जमिनीत आणणं म्हटलं की आपल्याला तूर, हरभरा, भुईमूग, ताग आठवतात. शेंगा धरणारी झाडंच हे करतात, अशी आपली शाळेपासूनची समजूत. एलिअ‍ॅग्नेसीला शेंग येत नाही, डाळींशी त्याचं जवळचं नातं नाही, त्याच्या मुळांत राहणारा जिवाणूही वेगळा आहे, आणि तरी या कुळाच्या तिन्ही वंशांच्या मुळांवर नत्राच्या गाठी असतात. हे कसं, आणि हे जमत असेल तर सगळ्याच झाडांना का जमत नाही, हा खरा प्रश्न आहे.

आधी नातीगोती पाहू. या कुळाचं मोठं घराणं गुलाबाचं. त्या घराण्यात गुलाब आणि सफरचंद आहेत, वड, पिंपळ, उंबर आणि फणस आहेत, आणि बोरही आहे. बोराचं कुळ तर आंबगुळाच्या कुळाच्या बरंच जवळचं. म्हणजे आंबगुळाला पाहून बोराची आठवण झाली ती अगदीच चुकीची नव्हती. आता गंमत अशी की वड, फणस आणि बोर यांच्या मुळांवर नत्राच्या गाठी नाहीत. पण बोराच्याच कुळातली अमेरिकेतली काही झुडपं गाठी धरतात. भावंडांत एकाला येतं, दुसऱ्याला येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आंबगुळाचं फूल हिवाळ्यात येतं, लहान, फिकट पिवळसर, पानाच्या बेचक्यात. त्यात पाकळ्या शोधायला गेलात तर सापडणार नाहीत, कारण या कुळात पाकळ्या नसतातच. जे दिसतं ती निदलांची, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरव्या पेल्याची नळी. तिच्या तोंडाशी चार टोकं उमललेली असतात आणि आत चार पुंकेसर. नळी तळाशी फुगीर, मग एकदम आवळलेली, मग पुन्हा रुंद. परागण झालं की वरचा भाग वाळून गळतो आणि तळाचा फुगीर भाग आतल्या एकुलत्या एक बीजाला कवटाळून मांसल होत जातो. आपण जो गर खातो तो हा. खरं फळ म्हणजे आतला पातळ सालीचा भाग; गर त्याच्या बाहेरचा. कोकणातल्या माणसाला हे लगेच पटेल, कारण काजूचं बोंडूही खरं फळ नव्हे, तो फुगलेला देठ आहे. आंबगुळात देठाऐवजी फुलाची नळी फुगते, इतकाच फरक. आणि गर नळीचाच असल्याचा पुरावा फळाच्या अंगावर आहे: फुलाच्या बाहेर ज्या छत्र्या होत्या त्याच फळावर रुपेरी ठिपके होऊन राहतात. फळ वाढतं तसा पृष्ठभाग ताणला जातो, छत्र्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि सलग चांदीचे ठिपके होतात.

तिन्ही वंशांनी हाच साचा थोडाथोडा वेगळा वापरला आहे. एलिअ‍ॅग्नसची फुलं सुगंधी, कीटकांना बोलावणारी, आणि सहसा एकाच फुलात नर-मादी दोन्ही. हिप्पोफेनं वास आणि दिखावा सोडून दिला. त्याची फुलं इवलीशी, पानं फुटायच्या आधी किंवा पानांबरोबर येणारी, आणि परागण वाऱ्यावर. त्यात झुडपं नर वेगळी आणि मादी वेगळी, पपईसारखी. रोप लहान असताना कुठलं काय ते डोळ्यांना कळत नाही, आणि आजूबाजूला नर झुडूप नसेल तर मादीला फळ धरत नाही. शेफर्डियातही नर-मादी वेगळी, पण पानं समोरासमोर, जोडीनं. बाकीच्या दोघांत ती एकाआड एक. जनुकांच्या तुलनेत हिप्पोफे आणि शेफर्डिया एकमेकांचे जास्त जवळचे ठरतात, एलिअ‍ॅग्नस त्यांच्यापासून आधी फुटलेला. म्हणजे हिमालयातल्या झुडपाचा सर्वांत जवळचा नातलग अलास्का-कॅनडात राहतो. उत्तरेकडचे भूभाग जेव्हा जमिनीनं जोडलेले होते त्या काळाची ही खूण मानतात.

आता मुळांकडे.

शेतकऱ्याला बेवड हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. हरभऱ्याच्या किंवा तागाच्या रानात पुढचं पीक जोरात येतं, कारण आधीच्या पिकानं जमिनीत काहीतरी मागे ठेवलेलं असतं. ते काहीतरी म्हणजे मुख्यतः नत्र. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे, झाडं त्यात बुडालेली आहेत, पण हवेतला नत्र त्यांना खाता येत नाही. नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधानं धरून बसलेले असतात, आणि ही पकड निसर्गातल्या सर्वांत घट्ट पकडींपैकी एक आहे. युरियाच्या कारखान्यात ती सोडवायला ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. काही जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानात करतात. त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एन्झाइम असतं, पोटात लोखंड आणि बहुधा मॉलिब्डेनम बाळगणारं. कुठल्याही झाडानं, अगदी डाळींनीही, हे एन्झाइम स्वतः बनवलेलं नाही. झाड फक्त ते बनवणाऱ्या जिवाणूला घर देतं. गाठ म्हणजे ते घर.

डाळींच्या गाठीत रायझोबियम गटाचे जिवाणू राहतात. भुईमुगाचं झाड उपटून गाठ नखानं चिरली तर आत गुलाबी दिसते. तो आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जातीचाच पदार्थ आहे. एलिअ‍ॅग्नसची गाठ वेगळी. ती दिसायला प्रवाळासारखी, एकाच जागेतून फांद्या फुटत गेलेली, वर्षानुवर्षं वाढणारी, लाकडासारखी घट्ट होत जाणारी. आडवी कापली तर मधोमध पाणी आणि अन्न वाहणाऱ्या नळ्यांचा जुडगा दिसतो, जसा मुळात असतो. डाळीच्या गाठीत त्या नळ्या कडेकडेनं असतात. याचं कारण असं की एलिअ‍ॅग्नसची गाठ हे मुळातलं मूळच आहे. बाजूला फुटू पाहणाऱ्या मुळाला पाहुण्यानं वेगळ्या कामाला लावलेलं.

तो पाहुणा म्हणजे फ्रँकिया. १८८६ साली ब्रुंखोर्स्ट या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानं त्याला हे नाव दिलं, आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून. त्या वेळी ती बुरशी वाटली होती, आणि भिंगाखाली कुणालाही वाटेल, कारण फ्रँकिया बारीक धाग्यांच्या जाळ्यासारखा वाढतो. प्रत्यक्षात तो जिवाणू आहे, पहिल्या पावसात मातीचा वास आणणारे जिवाणू ज्या मोठ्या गटात येतात त्याच गटातला. पण हे सिद्ध करायला तो गाठीबाहेर काढून काचेच्या भांड्यात वाढवून दाखवावा लागतो, आणि तिथे सगळे अडले. तो इतक्या सावकाश वाढतो की त्याच्या आधी दुसरेच जिवाणू भांडं भरून टाकतात. १९७८ साली कॅलहॅम, डेल ट्रेडिची आणि टॉरी या तिघांनी अमेरिकेतल्या एका वेगळ्या कुळातल्या झुडपाच्या गाठीतून तो शेवटी शुद्ध स्वरूपात वाढवला. नाव दिल्यापासून जवळजवळ ९२ वर्षांनी. मला ही हकिगत फार मोलाची वाटते. माणसं चंद्रावर जाऊन आली होती, आणि पायाखालच्या मुळातला एक जिवाणू अजून भांड्यात उतरायला तयार नव्हता.

गाठीच्या आत एक कोंडी आहे, आणि ती समजली की अर्धा विषय समजला. नायट्रोजिनेजला ऑक्सिजन सोसत नाही. जरा ऑक्सिजन लागला की ते कायमचं निकामी होतं. पण नत्र फोडायला प्रचंड ऊर्जा लागते, आणि ती मिळवायला जिवाणूला श्वास घ्यावा लागतो, म्हणजे ऑक्सिजन हवाच. दार उघडं ठेवायचं आणि बंदही. डाळींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे ते गुलाबी हिमोग्लोबिन: ऑक्सिजन धरून ठेवायचा आणि मोजून मापून जिवाणूपर्यंत पोचवायचा. तिथे राखणदारी झाडाची. एलिअ‍ॅग्नसमधला फ्रँकिया स्वतःच तजवीज करतो. तो आपल्या धाग्यांच्या टोकाला वाटोळे फुगे काढतो आणि प्रत्येक फुग्याभोवती मेणासारख्या स्निग्ध पदार्थाचे थरावर थर चढवतो, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे. भोवती ऑक्सिजन जास्त असेल तर थर वाढवतो, कमी असेल तर कमी ठेवतो. नायट्रोजिनेज त्या फुग्याच्या आत. म्हणूनच रायझोबियमपैकी बहुतेक जण झाडाबाहेर नत्र पकडत नाहीत, आणि फ्रँकिया मात्र नुसत्या भांड्यातही पकडू शकतो. आपल्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातही मुळांत फ्रँकियाच असतो, पण तिथे तो हे फुगे काढत नाही. सुरू राखणदारीचं काम बरंचसं डाळींसारखं स्वतःकडे घेतं. म्हणजे भाडेकरू त्याच गोत्रातला, आणि घरोघरी करार वेगळा.

आत शिरण्याची वाटही पाहण्यासारखी आहे. डाळींत बहुधा रायझोबियम मुळाच्या केसातून जातो. केस टोकाशी वळतो, त्यात जिवाणू अडकतो आणि तिथून आत बोगदा तयार होतो. एलिअ‍ॅग्नसमध्ये फ्रँकिया केसाला हात लावत नाही. तो दोन पेशींच्या मधल्या चिकट जागेतून, विटांमधल्या चुन्यातून वाट काढावी तसा आत सरकतो आणि गाठीच्या कोंभापर्यंत पोचल्यावर मगच पेशीत शिरतो. ही साधी वाट जुनी असावी आणि केसातली वाट नंतर निघाली असावी, असं मानणारे शास्त्रज्ञ बरेच आहेत.

पण कुठल्याही वाटेनं आला तरी आधी ओळख पटावी लागते, नाहीतर झाड कुठल्याही जिवाणूला रोग समजून मारतं. या ओळखीची यंत्रणा झाडांनी नत्रासाठी नव्यानं बनवलेली नाही. मुळांत राहून झाडाला फॉस्फरस आणून देणाऱ्या बुरशांशी झाडांची दोस्ती ४० कोटी वर्षांची आहे; स्कॉटलंडमधल्या एका गावाजवळ दगडात जपल्या गेलेल्या प्राचीन वनस्पतींतही त्या बुरशा दिसतात. बुरशीला 'ये' म्हणण्यासाठी जी जनुकं होती, तीच पुढे नत्राच्या जिवाणूला आत घेण्यासाठी कामाला आली. डाळी आणि फ्रँकियावाली झाडं इतकी वेगळी असूनही दोघांत ती सारखी आहेत.

आता तो राखून ठेवलेला प्रश्न. १९९५ साली सोल्टिस हे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांवरून फुलझाडांची वंशावळ लावली तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. गाठी धरून नत्र पकडणारी सगळी झाडं, डाळी असोत, सुरू असो, आंबगुळाचं कुळ असो, एकाच मोठ्या फांदीवर बसतात. या फांदीची चार घराणी: डाळींचं, गुलाबाचं, काकडी-भोपळ्याचं, आणि ओक-सुरूचं. एकूण २८ कुळं, आणि त्यातल्या फक्त १० कुळांत गाठी सापडतात, तेही बहुतेकदा कुळातल्या काही वंशांतच. बाकी जगभरच्या फुलझाडांत ही विद्या कुठेच नाही. म्हणजे सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी, या चारही घराण्यांच्या सामायिक पूर्वजात, काहीतरी घडलं.

काय घडलं यावर दोन मतं आहेत. एक असं की पूर्वजात फक्त पाया तयार झाला आणि त्यावर गाठींचं घर पुढे वेगवेगळ्या कुळांनी वेगवेगळ्या वेळी बांधलं. दुसरं असं की घर एकदाच बांधलं गेलं आणि नंतर बहुतेकांनी ते सोडून दिलं. २०१८ साली दोन स्वतंत्र गटांनी अनेक झाडांचे संपूर्ण जनुकसंच शेजारी ठेवून पाहिले, आणि दुसऱ्या मताला मोठं बळ मिळालं. गाठी नसलेल्या झाडांत, गाठींसाठी लागणारी ठरावीक जनुकं नुसती गैरहजर नव्हती. काहींत ती मोडक्या अवस्थेत सापडली. वाडा कोसळला तरी जोतं राहतं, तसं. त्यानंतर आलेल्या काही अभ्यासांनी पुन्हा पहिल्या मताकडे झुकतं माप दिलं आहे, तेव्हा वाद चालू आहे. पण काही वंशांनी ही विद्या गमावली एवढं दोन्ही बाजू मानतात, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

यातलं एक उदाहरण आपल्या रानातलं आहे. घाटात रस्त्याकडेला, दरड कोसळून गेलेल्या जागी भराभर वाढणारं खरगोल नावाचं झाड असतं. त्याचा अगदी जवळचा नातलग, पॅरास्पोनिया, इंडोनेशिया आणि न्यू गिनीकडे ज्वालामुखीच्या उतारांवर वाढतो. डाळींच्या बाहेर रायझोबियमला मुळात घर देणारं जगात माहीत असलेलं हे एकमेव झाड. दोघांचे जनुकसंच तुलना करून पाहिले तेव्हा खरगोलात तीच गाठींची जनुकं मोडलेली किंवा हरवलेली निघाली. एकाच घरातले दोघे. एकानं विद्या राखली, दुसऱ्याची गेली.

इतकी उपयोगी गोष्ट कुणी का टाकून देईल? कारण ती महाग आहे. नत्राचा एक रेणू फोडायला ऊर्जेच्या किमान १६ नाण्यांचा खर्च येतो. पेशीच्या भाषेत त्या नाण्याला एटीपी म्हणतात. हा सगळा खर्च झाड उन्हात शिजवलेल्या साखरेतून भागवतं. जमिनीत नत्र आधीच असेल तर मुळानं ते शोषून घेणं कितीतरी स्वस्त. युरिया भरपूर टाकलेल्या रानात सोयाबीनच्या मुळांवर गाठी कमी दिसतात, हे शेतकऱ्यांनी पाहिलेलं असतं. जे एका झाडाच्या आयुष्यात घडतं तेच लाखो वर्षांत वंशाच्या बाबतीत घडू शकतं: जे सुपीक, दाट जंगलात गेले, त्यांच्यासाठी हे घर नुसता खर्च झालं, आणि खर्च झेपेना म्हणून ते मोडलं. ज्यांनी राखलं ते बहुधा नापीक आणि उजेडाच्या जागी राहणारे. वाळूचे ढिगारे, नदीची बेटं, घसरलेले डोंगर. ऊन मुबलक म्हणून साखर मुबलक, आणि माती कोरी म्हणून नत्राची गरज मोठी. आता चांदीच्या छत्र्या आणि मुळांवरची गाठ या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. दोन्ही त्याच उघड्या, कोरड्या, कोऱ्या जमिनीच्या खुणा आहेत.

भाडेकरूनंही वेगवेगळे मार्ग धरले. २००७ साली फ्रँकियाच्या तीन वाणांचे जनुकसंच प्रसिद्ध झाले. सुरूच्या गटातल्या झाडांना चिकटून राहणाऱ्या वाणाचा संच सर्वांत लहान, डीएनएच्या सुमारे ५४ लाख अक्षरांचा. एलिअ‍ॅग्नसच्या गाठीतून काढलेल्या वाणाचा सर्वांत मोठा, सुमारे ९० लाखांचा. एकाच घरी कायमचं राहायचं ठरलं की जास्तीचं सामान टाकून देता येतं. एलिअ‍ॅग्नसचा पाहुणा अनेक कुळांच्या दारी जातो, मातीतही स्वतंत्र जगतो, म्हणून सगळं सामान बरोबर बाळगतो.

कोऱ्या जमिनीवर हे कुळ काय करतं ते सीबकथॉर्ननं सर्वांत ठळक दाखवलं आहे. त्याचं माहेर तिबेटचं पठार आणि हिमालय. तिथेच त्याच्या बहुतेक जाती आहेत. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस युरोपातला बर्फ मागे सरकू लागला तेव्हा खाली उरली ती दगडगोट्यांची, नत्र नसलेली जमीन. त्या काळचा चिखल तळ्यांच्या तळाशी साठला आहे आणि त्यात सीबकथॉर्नचे परागकण भरपूर सापडतात. मग वरच्या, म्हणजे नंतरच्या थरांत बर्च आणि पाइनचे कण वाढत जातात आणि सीबकथॉर्नचे संपत येतात. त्याची पानं वर्षानुवर्षं कुजून माती नत्रानं सधन होत गेली, त्या मातीत उंच झाडं रुजली, आणि उंच झाडांची सावली या झुडपाला सोसत नाही. आज पश्चिम युरोपात ते मुख्यतः दोनच ठिकाणी रानटी सापडतं: समुद्रकाठच्या वाळूत आणि आल्प्समधल्या नद्यांच्या गोट्यांत. जिथे जंगल अजून पोचू शकत नाही तिथे.

लडाखमध्ये मात्र जंगल येतच नाही, म्हणून तिथे ते मालक आहे. नुब्रा खोऱ्यात नदीच्या वाळूत त्याची काटेरी जाळी मैलोन्‌मैल दिसते. मुळांतून नवे कोंब काढत ते पसरतं आणि वाळू धरून ठेवतं. तिथले लोक त्याला त्सेरमांग म्हणतात; काट्यांच्या फांद्या तोडून शेताला कुंपण घालतात. केशरी फळं हिवाळ्यातही फांदीला चिकटून राहतात. १०० ग्रॅम संत्र्यात क जीवनसत्त्व साधारण ५० मिलिग्रॅम असतं, या फळात ते कित्येक पट सापडतं, आणि गरातच तेल असतं, जे फळांत क्वचित आढळतं. लेहमधल्या संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळेनं त्याचा रस बाटलीत आणला तो यामुळेच. चीननं पिवळ्या नदीच्या वरच्या-मधल्या अंगाला, पावसात वाहून जाणाऱ्या मातीच्या पठारावर, याची लाखो हेक्टर लागवड केली आहे.

हाच गुण चुकीच्या जागी नेला की काय होतं तेही सांगायला हवं, कारण नत्र वाढवणारं झाड म्हणजे चांगलंच, असा सरसकट समज आपल्याकडे आहे. पूर्व आशियातली एलिअ‍ॅग्नसची एक जात १८३० च्या सुमारास अमेरिकेत नेली गेली. विसाव्या शतकात तिथल्या सरकारी खात्यांनीच ती धूप थांबवायला आणि पक्ष्यांच्या चाऱ्यासाठी हौसेनं लावली. अक्रोडाच्या बागेत मधूनमधून लावली तर अक्रोड जोरात वाढतो, असंही दिसून आलं. पण पक्ष्यांनी फळं खाऊन बिया सगळीकडे टाकल्या, झुडूप कुरणांत घुसलं, आणि जी स्थानिक फुलझाडं कमी नत्राच्या मातीवरच टिकून होती त्यांच्या पायाखालची जमीन बदलली. नत्र वाढला की गवत आणि तण माजतं आणि ती नाजूक मंडळी मागे पडतात. आता काही राज्यांत ती विकायला बंदी आहे. सुबाभळीच्या बाबतीत आपण याच वाटेनं थोडं चाललो आहोत. सह्याद्रीचे कातळसडे तर कमी नत्रावर जगणाऱ्या चिमुकल्या फुलांसाठीच ओळखले जातात. तिथे हिरवाई वाढवण्याच्या हौसेनं नत्र देणारी परकी झुडपं लावणं मला अतिशय धोक्याचं वाटतं.

मग आपलं आंबगूळ घाटातल्या दाट रानात काय करतं? त्याचं कुळ उजेडाचं भुकेलं, आणि इथे पाऊस धो धो, झाडी गच्च. त्यानं ताठ उभं राहण्याचा हट्ट सोडला आहे. लांब, लवचीक फांद्या शेजारच्या जांभळावर, हिरड्यावर टाकायच्या, आखूड काटेरी डहाळ्यांनी अडकवायच्या आणि त्यांच्या खांद्यावरून उन्हात पोचायचं. म्हणून ते रानाच्या कडेला, वाटेच्या बाजूला, जुन्या देवराईच्या सीमेवर जास्त भेटतं. वारा आला की त्याची पानं उलटतात आणि हिरव्या कड्यावर मध्येच चांदीचा एक पट्टा चमकून जातो. दुरून झुडूप ओळखायची ही सोपी खूण.

मावशींच्या टोपलीतल्या फळांच्या बिया मी धुऊन ठेवल्या आहेत. गर निघून गेल्यावर प्रत्येक बी दोन्ही टोकांना निमुळती दिसते आणि तिच्या अंगावर उभ्या आठ धारा असतात. आंबगुळाची असो, की इराणमध्ये नवरोजच्या, म्हणजे नववर्षाच्या, दस्तरखानावर मांडतात त्या सेंजेद या याच वंशातल्या फळाची. एलिअ‍ॅग्नसच्या बीवर बोट फिरवलं की आठच मोजल्या जातात.